वॉकीटॉकी घ्यायला निघाले, परीक्षा देऊन आले

जून २०२४ मध्ये आमच्या नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपने ठरवलं की आता वॉकीटॉकी घ्यायचेच. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाकडे मोबाईलची रेंज गेली की पुढची मंडळी धुक्यात गडप होतात आणि मागचे शिट्ट्या मारत बसतात. बजेट ठरलं सेटमागे तीन हजार. खरेदी माझ्या गळ्यात पडली, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि "मॅडमना कळतं त्यातलं" असा सगळ्यांचा समज आहे. ऑनलाइन दोन जोड्या मागवायच्या, एवढंच काम. त्यातून पुढचं वर्षभराचं प्रकरण निघालं. कोणाला स्वस्तातला रेडिओ हवा असेल आणि सीबी, हॅम, लायसन्स या शब्दांनी डोकं गरगरत असेल तर उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

पहिली अडचण दुकानाच्या पानावरच आली. "लायसन्स फ्री", "१० किमी रेंज", "ट्रेकिंगसाठी बेस्ट" असं ठळक लिहिलेलं, पण सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो ते कुठेच नाही. आणि खरी गोम तिथेच असते. आपल्याकडे वायरलेस सेट नुसता घरात ठेवायलाही परवाना लागतो, असं १९३३ चा वायरलेस टेलिग्राफी कायदा सांगत होता. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही परवानगीची अट काढलेली नाही. त्यातून कमी शक्तीच्या काही ठरावीक पट्ट्यांना सूट आहे. सूट मिळते ती फ्रिक्वेन्सीला आणि वॅटला, "वॉकीटॉकी" या नावाला नाही. पुढे मे २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून तेरा ऑनलाइन विक्रेत्यांना नोटिसा काढल्या आणि फ्रिक्वेन्सी, परवान्याची गरज, उपकरणाची मंजुरी हे सगळं पानावर दाखवायला लावणारे नियम आले. मी शोधत होते तेव्हा मात्र ते आपलं आपणच खणून काढायचं होतं.

खणल्यावर तीन वाटा दिसल्या. एक, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा. २०१८ च्या नियमांपासून तो कमी शक्तीच्या हातातल्या सेटसाठी परवान्याविना खुला आहे. दोन, सीबी, म्हणजे सिटिझन्स बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. तीन, हॅम, म्हणजे हौशी लोकांचा छंदाचा रेडिओ, ज्याला परीक्षा आणि परवाना दोन्ही लागतात.

माझं मन आधी सीबीवर बसलं होतं. त्याला कारण माझा ओहायोतला मामेभाऊ. त्याच्या जुन्या गाडीत सीबी होता आणि हायवेवर ट्रकवाल्यांची चॅनल १९ वरची बडबड त्याने मला फोनवरून ऐकवली होती. तिकडे हे प्रकरण फोफावलं ते १९७३ च्या तेलसंकटानंतर. डिझेल कुठे मिळतंय आणि पोलीस कुठे दबा धरून बसलेत हे ट्रकवाले एकमेकांना सांगायचे. भाऊ म्हणाला, "अगं ताई, डिसेंबरमध्ये येतोय, चाळीस चॅनलचा सेट घेऊन येतो, कशाला पैसे घालवतेस?" फुकटातला सेट म्हटल्यावर मीही खूश.

एका रात्री दोन्ही तक्ते शेजारी ठेवून बसले. अमेरिकेतलं चॅनल १ आहे २६.९६५ मेगाहर्ट्झवर आणि चॅनल ४० आहे २७.४०५ वर. आपल्याकडची सूट आहे २६.९५७ ते २७.२८३ एवढीच, तीही जास्तीत जास्त ५ वॅटपर्यंत. म्हणजे चॅनल २७, जे २७.२७५ वर आहे, ते कुंपणाच्या आत. चॅनल २८ आहे २७.२८५ वर, ते दोन किलोहर्ट्झने बाहेर. तिथून पुढची तेरा चॅनल आपल्याकडे बिनपरवाना वापरता येत नाहीत, पण सेटच्या बटणाला हे कुठे माहीत असतं? चुकून फिरलं की गेलंच. (तक्ता बघताना आणखी एक गंमत दिसली. चॅनल २३ हे २४ आणि २५ च्या वर बसतं. १९७७ पर्यंत चॅनल तेवीसच होती, वाढवली तेव्हा मधल्या मोकळ्या जागाही भरल्या, म्हणून क्रम विस्कटला.)

शिवाय हा पट्टा मुळात उद्योग आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला आहे. फिजिओथेरपीवाले गुडघ्याला शेक द्यायला जे शॉर्टवेव्ह डायथर्मीचं यंत्र लावतात ते २७.१२ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे या पट्ट्याच्या अगदी मधोमध. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर असं क्लिनिक आहे. आणि २७ मेगाहर्ट्झची लाट अकरा मीटर लांब. तिची पाव लांबीची अँटेना म्हटली तरी पावणेतीन मीटरची काठी होते. ती घेऊन नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायची कल्पना करून बघा. हातातल्या सेटवर जी वीतभर अँटेना देतात तिच्यातून पाच वॅटमधले फारच थोडे बाहेर पडतात.

तरीही उत्सुकता होती, म्हणून ऑगस्टमध्ये एक बिनखर्चाचा उद्योग केला. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला एक रिसीव्हर इंटरनेटवर सगळ्यांना खुला ठेवला आहे. ब्राउझरमध्ये उघडायचा, २७ मेगाहर्ट्झवर जायचं आणि कान लावायचा. युरोपातल्या सीबीवाल्यांची झुंबड उडालेली ऐकली. एकावर एक आवाज, मधूनच शिट्टी. तिकडे माणसं आहेत म्हणून मजा आहे. आपल्याकडे नाशिकमध्ये सीबी लावून बसले असते तर माझ्याशी बोलायला कोण होतं? मी चौकशी केली तिथे कोणीच भेटलं नाही. रेडिओ स्वस्त की महाग हा प्रश्न त्यानंतरचा. पलीकडे माणूस आहे का, हे आधी बघायचं. भावाला सांगितलं, सेट राहू दे, मुलांसाठी चॉकलेटं आण.

हे ऐकण्याचं काम तुम्हीही पैसे खर्च करण्याआधी जरूर करा. त्याच रिसीव्हरवर ७ मेगाहर्ट्झला किंवा १४ मेगाहर्ट्झला गेलं की हॅम मंडळी सापडतात. मी रात्री स्वयंपाकघर आवरलं की हेडफोन लावून ऐकायचे. सुरुवातीला फक्त खरखर आणि बदकासारखे आवाज येतात, कारण तिथे एसएसबी नावाच्या पद्धतीने बोलतात आणि सेटिंग थोडं इकडेतिकडे झालं की माणसाचा डोनल्ड डक होतो. आठवडाभरात कान सरावतो. नाही सरावला, कंटाळा आला, तर हा छंद आपला नाही एवढं तरी फुकटात कळतं.

ग्रुपचा प्रश्न मी वेगळा सोडवला. हॅमचा परवाना हा माणसाला मिळतो, सेटला नाही. बारा जणांच्या ग्रुपमध्ये मी एकटी पास झाले तर मी बोलणार कोणाशी? म्हणून ट्रेकसाठी ४४६ वाल्या सेटच्या दोन जोड्या घेतल्या, उपकरण-मंजुरीचा क्रमांक विक्रेत्याकडून लेखी मागून. ज्या विक्रेत्याने क्रमांक द्यायला टाळाटाळ केली त्याला सोडून दिलं. दहा किलोमीटर वगैरे काही जात नाहीत. मध्ये डोंगराची सोंड आली की अर्ध्या किलोमीटरवर आवाज तुटतो. पण पुढच्या-मागच्यांची गाठ घालायला पुरतात. तुम्हालाही तेवढंच हवं असेल तर इथेच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही.

मला मात्र आता हॅमची गोडी लागली होती.

आपल्याकडे परीक्षेच्या दोन श्रेणी आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. वयाची बारा वर्षं पूर्ण असली की बसता येतं, शिक्षणाची अट नाही. जनरलला मोर्स कोड लागतो, मिनिटाला आठ शब्द, घ्यायचा आणि द्यायचा दोन्ही. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही. मी रिस्ट्रिक्टेड निवडली. पेपरचे दोन भाग. एकात रेडिओचं तंत्र, दुसऱ्यात नियम. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे चाळीस टक्के आणि मिळून पन्नास टक्के हवेत. म्हणजे ओहमचा नियम तोंडपाठ आहे म्हणून नियमांच्या भागाकडे डोळेझाक केली तर चालत नाही. इंजिनिअर लोक तिथेच आपटतात, असं मला नंतर बऱ्याच जणांनी सांगितलं.

अभ्यास सप्टेंबरभर केला. तंत्राचा भाग दहावी-बारावीच्या भौतिकशास्त्रापलीकडे फारसा जात नाही. रेझोनन्स, सुपरहेटरोडाइन रिसीव्हर, वातावरणातले डी, ई, एफ थर आणि रात्री डी थर विरला की लांबची स्टेशनं का ऐकू येतात, एवढं नीट समजून घेतलं की भागतं. पाठांतर आहे ते क्यू कोडचं, म्हणजे क्यूने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी खुणांचं. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे पोच मिळाली, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनांचा अडथळा, क्यूएसवाय म्हणजे फ्रिक्वेन्सी बदला. मी फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. आमच्या सासूबाईंनी आठवड्यात निम्मे पाठ केले आणि फोन कट होत असला की "क्यूआरएम आहे गं" म्हणायला लागल्या. कॉलसाइन म्हणजे प्रत्येक स्टेशनचं हवेतलं ओळखनाव, त्याच्या सुरुवातीची देशांची अक्षरंही येतात. आपलं व्हीयू, श्रीलंका ४एस, पाकिस्तान एपी, जपान जेए. अंदमानला व्हीयू४ आणि लक्षद्वीपला व्हीयू७. नियमांत महत्त्वाचं हे की धंद्याचं बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, सांकेतिक भाषेत निरोप द्यायचा नाही आणि लॉगबुक ठेवायचं.

अर्ज सरल संचार या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन होतो. परीक्षेची फी १०० रुपये. फोटो, ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा. इथे माझी गाडी अडली. जन्मतारखेसाठी दहावीचं प्रमाणपत्र, त्यावर माहेरचं नाव, तेही आडनाव आधी. आधारवर सासरचं नाव, आडनाव शेवटी. लग्न झालेल्या बहुतेक बायकांचं हेच असतं. नाव बदलल्याचं राजपत्र माझ्याकडे नव्हतं. विवाह नोंदणीचा दाखला होता, त्यावर दोन्ही नावं होती, तो पत्त्याच्या पुराव्यासोबत एकाच पीडीएफमध्ये जोडून टाकला. पासपोर्ट असेल तर त्याहून उत्तम, नाव आणि जन्मतारीख एकाच कागदावर मिळतात. स्कॅन करताना फाइलचा आकार लहान ठेवा आणि पैसे भरल्याची पावती लगेच उतरवून घ्या. पावतीवरचा क्रमांक पुढे प्रत्येक पायरीला लागतो.

मग वाट बघणं. दिवाळी गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस परीक्षेची तारीख कळली, केंद्र मुंबई, बोरिवली पश्चिमेला गोराई रस्त्यावरचं मॉनिटरिंग स्टेशन. नाशिकहून पहाटे निघूनही पोचता आलं असतं, पण कसाऱ्याच्या घाटात गाडी रखडली तर काय घ्या, म्हणून आदल्या रात्री बोरिवलीत आतेबहिणीकडे मुक्काम केला. सकाळी रिक्षावाल्याला स्टेशनचं नाव सांगून काही उपयोग झाला नाही. "ते मोठे अँटेनावाले" म्हटल्यावर लगेच कळलं.

परीक्षेला आलेली मंडळी बघून बरं वाटलं. एक आठवीतला मुलगा आईबरोबर, दोन कॉलेजातल्या मुली, एक मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले गृहस्थ, बाकी पोटापाण्याला सॉफ्टवेअरमधले. प्रश्न पर्यायी होते. रेझिस्टरच्या रंगपट्ट्या आल्या, अँटेनाची लांबी काढायला आली, आणि संकटात सापडलेल्या स्टेशनचा आवाज ऐकू आला तर तुम्ही काय कराल हेही आलं. मूळ कागदपत्रं बरोबर ठेवा, नुसत्या झेरॉक्स नेऊ नका. गंमत अशी की नेव्हीवाले काका मोर्स झोपेत सांगू शकत होते, पण क्यू कोडचे अर्थ त्यांच्या जहाजावरच्या सवयीपेक्षा परीक्षेत वेगळ्या शब्दांत होते म्हणून ते सगळ्यात जास्त घाबरलेले. डबा आम्ही सगळ्यांनी एकत्र खाल्ला.

निकाल पोर्टलवरच कळला, प्रमाणपत्रही तिथूनच. मग परवान्याचा वेगळा अर्ज. हे पुष्कळांना माहीत नसतं. परीक्षा पास म्हणजे चालवण्याचं प्रमाणपत्र मिळालं, स्टेशन लावायचा परवाना त्यानंतर. त्याची फी वीस वर्षांसाठी १००० रुपये आणि आजीवन घेतला तर २००० रुपये. मी आजीवन घेतला. हजार रुपयांसाठी वीस वर्षांनी, म्हातारपणी, पुन्हा पोर्टलशी झुंजायला कोण बसणार! परवाना फेब्रुवारी २०२५ मध्ये हातात आला, व्हीयू३ ने सुरू होणारं माझं कॉलसाइन घेऊन. त्या संध्याकाळी मी ते वहीच्या मागच्या पानावर दहावीतल्या मुलीसारखं वेगवेगळ्या वळणांत लिहून बघितलं, हे लपवत नाही.

आता सेट. मला सर्वात जास्त प्रश्न याचेच येतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

परवान्याची वाट बघत असताना गावातल्या एका जुन्या हॅमशी ओळख झाली. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हॅम मंडळींनी तिथे जाऊन निरोप पोचवले, ते ऐकून त्यांनी परीक्षा दिली होती. त्यांच्याकडे माझ्या यादीतले जवळजवळ सगळे सेट टेबलावर ओळीने मांडलेले. "मॅडम, ऐका हवं तेवढं. बोलायचं ते लाल बटण मात्र परवाना आल्यावरच." मी दोन रविवार नुसती ऐकत बसले.

सगळे सांगतात तो सेट म्हणजे बाओफेंग यूव्ही-५आर. दोन बँड, चारपाच वॅट, अडीच हजारांच्या आसपास. स्वस्त आहे, जगात सगळीकडे त्याची माहिती आणि सुटे भाग मिळतात. पण काकांनी तो छतावरच्या अँटेनाला जोडून दाखवला आणि लगेच त्याची मर्यादा कळली. नुसत्या सेटवर जे स्टेशन स्वच्छ येत होतं ते मोठ्या अँटेनावर घरघरायला लागलं. आजूबाजूचे जोरदार सिग्नल आत शिरले की या सेटचा रिसीव्हर गुदमरतो. काही नगांमधून नको त्या फ्रिक्वेन्सीवरही थोडी शक्ती सांडते. त्याच्याशेजारी क्वानशेंग यूव्ही-के५. किंमत जवळपास तेवढीच, पण मोबाईलच्या टाइप-सी वायरने चार्ज होतो आणि हौशी लोकांनी त्याच्यासाठी वेगवेगळी फर्मवेअर, म्हणजे सेटच्या आत चालणारी सॉफ्टवेअर, लिहिली आहेत. यासू आणि आयकॉमचे हातातले सेट तिप्पट-चौपट किमतीचे. हातात घेतल्यावर फरक कळतो, बटणं ठाम, रिसीव्हर शांत. परवडत असेल तर घ्यावा. मला पहिल्याच वर्षी तेवढे घालायचे नव्हते. काकांचं म्हणणं सरळ होतं, "सेटला अडीच हजार घाला आणि उरलेले अँटेनाला. उलटं केलंत तर महागडा सेट घेऊन बाल्कनीत खरखर ऐकाल."

मी के५ घेतला, मार्चमध्ये, तीन हजाराला थोडे कमी. मुंबईतल्या ज्या विक्रेत्याकडून घेतला त्याने आधी परवान्याची प्रत मागितली. असा प्रत मागणारा विक्रेताच गाठा. परदेशातून कागदपत्रांशिवाय पार्सल मागवून कस्टममध्ये अडकवून घेण्यापेक्षा चारशे रुपये जास्त गेलेले बरे. एक बारीक गोष्ट, जी कोणी सांगत नाही: या चिनी सेटवर अँटेना लावायच्या जागी मधली पिन बाहेर आलेली असते, यासूवर नेमकं उलट, तिथे भोक असतं. अँटेना किंवा जोडवायर मागवताना सेटचा फोटो दुकानदाराला पाठवा. संगणकाला जोडायची केबलही स्वस्तातली घेतली तर तिच्यातली नकली चिप विंडोजशी भांडते. चर्प नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने चॅनल भरता येतात. सेटच्या बारीक बटणांनी एकेक चॅनल भरायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. आणि हो, हे सेट बँडच्या बाहेरही बोलू शकतात. आपल्याला मिळालंय १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ. त्याच्या बाहेर पोलीस, अग्निशमन, टॅक्सीवाले असतात. मी चर्पमध्ये बाहेरच्या सगळ्या चॅनलचं बोलणं बंद करून टाकलं.

अँटेना घरीच केली. हार्डवेअरच्या दुकानात पितळी ब्रेझिंग रॉड मिळतात, ते पाच आणले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून केबल जोडायचं एक एसओ-२३९ सॉकेट. १४५ मेगाहर्ट्झला पाव लांबी येते साधारण ४९ सेंटिमीटर. एक रॉड मधोमध उभा, चार खाली तिरके, छत्रीच्या काड्यांसारखे. ऐकायला सोपं आहे. पण रॉडला डाग बसेना. कथील गोळी होऊन घरंगळायचं. पॉलिश पेपरने पितळ लख्ख घासलं, पेस्ट लावली, आधी रॉड स्टोव्हवर कोमट केला, तेव्हा कुठे कथील पसरलं. रॉड मुद्दाम थोडा लांब ठेवला होता. काकांचं नॅनोव्हीएनए, म्हणजे अँटेना तपासायचं छोटं यंत्र, जोडलं तर अँटेना १३९ मेगाहर्ट्झवर बोलत होती. मग गच्चीवर कानशीने घासायचं, मोजायचं, पुन्हा घासायचं. तीन-साडेतीन मिलिमीटर गेले की साधारण एक मेगाहर्ट्झ वर सरकतं. हात जवळ नेला तरी पडद्यावरची रेघ हलते, म्हणून मोजताना दोन पावलं मागे. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते त्याचं माप, जितकं एकच्या जवळ तितकं चांगलं) दीडच्या खाली आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पितळेच्या भुशाने माझ्या ओढणीची वाट लागली होती.

केबलवर मात्र कंजुषी करू नका. बारीक आरजी-५८ केबल पंधरा मीटर टाकली तर या फ्रिक्वेन्सीला निम्मी शक्ती केबलमध्येच जिरते. पाच वॅटमधले अडीच वर पोचणार. मी जाड आरजी-२१३ घेतली, अँटेनाच्या पाचपट पैसे केबलला गेले. ते सार्थकी लागले.

सोसायटीचं प्रकरण अपेक्षेप्रमाणे झालं. "टॉवर बसवताय का? रेडिएशन होईल." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी सेक्रेटरींकडे तक्रार नेली. मी परवान्याची प्रत आणि एका पानाचा अर्ज दिला, काठीची उंची, वजन, पाच वॅट, सगळं लिहून. गच्चीवर नेऊन काड्यांची ती छत्री दाखवली. "एवढंच?" म्हणून त्या जरा हिरमुसल्याच. परवानगी मिळाली, अट एक, वाळवणाच्या दिवसांत काठी बाजूला. वळवाचा पाऊस दाटून आला की मी केबल सेटमधून काढते, आणि काठीला अर्थिंग केलं आहे. एवढं करा.

बोलायला मात्र घाम फुटला. वर्गात साठ मुलांसमोर बोलणारी मी, बटण दाबून गप्प. रिपीटर म्हणजे उंचावर बसवलेलं, आपला आवाज घेऊन पुढे फेकणारं स्टेशन. आमच्या भागात येणाऱ्या रिपीटरवर जायचं तर बोलायच्या आणि ऐकायच्या फ्रिक्वेन्सीत ६०० किलोहर्ट्झचा फरक आणि एक न ऐकू येणारा टोन सेटमध्ये भरावा लागतो. तो बरोबर आहे का बघायला बटण दाबून सोडलं की रिपीटर शेपूट सोडल्यासारखा "खच्च" करतो. तसं दोनदा झाल्यावर पलीकडून आवाज आला, "कोण आहे, कॉलसाइन सांगा, नुसतं खचखच करू नका." मग सांगावंच लागलं. सिन्नरजवळचे एक गृहस्थ होते. अक्षर-अक्षर फोडून कॉलसाइन, नाव, नोव्हेंबर अल्फा सिएरा करत नाशिक. त्यांनी पाच-नऊ रिपोर्ट दिला, म्हणजे आवाज स्वच्छ आणि जोरात, आणि विचारलं, "नवीन दिसताय. अँटेना घरची का?" त्यानंतर वीस मिनिटं आम्ही कथील या विषयावर बोललो. लॉगबुकमधली पहिली ओळ वाकडी आली आहे, हात थरथरत होता.

जुलैमध्ये शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकातून हॅम रेडिओवरून विद्यार्थ्यांशी बोलले तेव्हा आमच्या शाळेतल्या मुलांचे डोळे चमकले. स्थानकाचा आवाज १४५.८०० मेगाहर्ट्झवर येतो आणि त्यावर असलेला रिपीटर ४३७.८०० वर. या तीन हजाराच्या सेटवरही तो ऐकू येतो, फक्त स्थानक दहाएक मिनिटांत आकाश पार करतं आणि ४३७ वर ऐकताना ते येताना-जाताना फ्रिक्वेन्सी सरकवत राहावं लागतं. डॉप्लर परिणाम शिकवायला मला आता रेल्वेच्या शिट्टीचं उदाहरण लागत नाही. चार मुलं बारा वर्षांची झाली की परीक्षेला बसतो म्हणतात.

पुढचा विचार एचएफचा आहे, म्हणजे लांब पल्ल्याचा. तिथे नवे तयार सेट लाखाच्या घरात जातात, पण त्यावरही आपल्याकडचाच उतारा आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सर्किट आराखडा केला, साध्या, सहज मिळणाऱ्या भागांचा, कोणालाही बनवता येईल असा खुला. त्याचाच पुढचा मायक्रोबिटएक्स दहा वॅटच्या आसपास देतो आणि तो जगभर पोचला. हा बोर्ड घ्यायचा माझा मानस आहे. ४० मीटर बँडच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, अँटेनाच्या तारेला वीस मीटर लांबी लागते, आमची गच्ची तेवढी नाही, म्हणून मधोमध उंच आणि दोन्ही टोकं खाली उतरवून टाकणार. काकूंना अजून सांगितलेलं नाही. एचएफला जाणाऱ्यांनी आपल्या श्रेणीला कोणते बँड किती वॅटने मिळालेत ते परवान्याच्या तक्त्यात आधी बघावं.

आणि जनरलसाठी मोर्स सुरू केला आहे. रोज रात्री पंधरा मिनिटं, फोनवरच्या ॲपवर, दोन अक्षरांपासून सुरुवात करून एकेक वाढवत. टिंबं-रेघा मोजायच्या नाहीत, ताल ऐकायचा, असं सगळे बजावतात. के म्हणजे डा-डिट-डा आणि आर म्हणजे डिट-डा-डिट, या दोघांत माझा अजून गोंधळ होतो. मिनिटाला पाच शब्दांवर आहे, आठ लागतात.